आपल्याकडे काय नाही, हे आधी मोजणारा देश

नोव्हेंबर 2019 मध्ये भूतानच्या पारो विमानतळावर एक रंगीत तालीम झाली. जागतिक आरोग्य संघटनेची माणसं सोबत होती. प्रसंग असा रचला होता : विमानातून उतरलेल्या प्रवाशाला नव्या प्रकारच्या करोना विषाणूची लागण झाल्याचा संशय आहे, आता कोणी काय करायचं? वुहानचं नाव तेव्हा जगात कुणाच्या तोंडी नव्हतं. जानेवारी 2020 मध्येच साथीला तोंड देण्याच्या राष्ट्रीय आराखड्याचं कामही सुरू झालं होतं.

मी अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. उपकेंद्र, आशाताई, लसीकरणाचं सत्र, पावसात वाहून जाणारे रस्ते हेच माझं जग. त्यामुळे भूतानबद्दल जे मिळेल ते मी आस्थेनं वाचत आले. साडेसात लाखांच्या आसपास लोकवस्ती, म्हणजे आमच्याकडचे दोन-तीन तालुके. मात्र ही वस्ती विखुरलेल्या गावांत आहे, आणि काही गावांना अजून गाडीरस्ता नाही.

2020 च्या सुरुवातीला या देशात 337 डॉक्टर होते, तीनेक हजार आरोग्य कर्मचारी होते आणि विषाणू तपासणारं पीसीआर यंत्र एकच होतं. अतिदक्षता विभागाचं प्रगत शिक्षण घेतलेला डॉक्टरही एकच. तेव्हाचे पंतप्रधान लोटे त्शेरिंग स्वतः शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, तेव्हाच्या आरोग्यमंत्री देचेन वांगमो सार्वजनिक आरोग्य शिकलेल्या. दोघांनाही कळत होतं की रुग्णांची रांग लागली तर तपासायलाच माणूस उरणार नाही. तेव्हा साथ दारातच अडवायची, असं ठरलं.

5 मार्चच्या रात्री पहिला रुग्ण सापडला, 76 वर्षांचा अमेरिकी पर्यटक. त्याच्या संपर्कात आलेल्या सुमारे 300 जणांना साडेसहा तासांच्या आत शोधून वेगळं ठेवण्यात आलं. 23 मार्चला सीमा बंद झाल्या. बहुतेक देश 14 दिवसांचं विलगीकरण पाळत होते, भूताननं 21 दिवसांचं केलं. चौदा दिवसांनंतरही थोड्या लोकांत आजार उमटू शकतो, आणि तेवढा धोकाही त्यांना परवडणारा नव्हता. बाहेरून आलेल्यांना हॉटेलांत ठेवलं, खर्च सरकारनं सोसला. नारिंगी गणवेशातले ‘देसूप’ स्वयंसेवक सीमेवर आणि वस्त्यांत गस्त घालू लागले. करोनानं पहिला मृत्यू झाला तो थेट जानेवारी 2021 मध्ये.

त्याच महिन्यात भारतानं भेट दिलेले कोविशिल्डचे दीड लाख डोस तिथे पोहोचले. आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली ही लस. ती भूताननं लगेच टोचली नाही. सगळ्या प्रौढांना पुरेल एवढा साठा होईपर्यंत ते थांबले. मार्चमध्ये आणखी चार लाख डोस आले. दरम्यान पंचांगातला अशुभ काळही उलटू दिला, धर्मपीठाला मुहूर्त विचारला आणि 27 मार्चला सुरुवात केली. मुहूर्ताप्रमाणे पहिली लस पंचांगातल्या वानरवर्षात जन्मलेल्या बाईनं वानरवर्षातच जन्मलेल्या बाईला दिली. मला यात शहाणपण दिसतं. आम्हीही बाजाराच्या दिवशी किंवा भातलावणीत सत्र ठेवत नसू. लोकांच्या दिनक्रमाला मान दिला की लोक येतात. तिथे तर सुमारे 1,200 केंद्रांवर 16 दिवसांत 93 टक्के पात्र प्रौढांनी लस घेतली.

हा वेग कुठून येतो, ते लसीच्या डब्याशी बसलेल्या माणसाला कळतं. लस 2 ते 8 अंशांत राहायला हवी. डीप फ्रीझरमधून काढलेला आइसपॅक लगेच कॅरिअरमध्ये भरायचा नाही. तो टेबलावर मांडायचा, वरचं हिम जाऊन पाणी सुटेपर्यंत थांबायचं, मग कानाशी नेऊन हलवायचा. आत पाणी खुळखुळलं तरच घ्यायचा. घाई केली तर कुपी गोठते, आणि गोठलेली लस फेकून द्यावी लागते. हे हाताला वर्षानुवर्षांच्या सत्रांतून बसतं, साथ दारात आल्यावर शिकवून येत नाही. भूतानमध्ये बालकांच्या लसीकरणाची घडी आधीच बसलेली होती. 2010 पासून मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देशभर दिली जात होती. 2017 मध्ये गोवर हटल्याचं जाहीर झालं होतं.

पैशाचीही तरतूद होती. मूलभूत आरोग्यसेवा मोफत देण्याची हमी राज्यघटनेतच आहे. लसी आणि आवश्यक औषधांसाठी वेगळा आरोग्य निधी आहे. त्यासाठी 2002 मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री सांगे न्गेदुप त्राशिगांगहून थिम्फूपर्यंत पायी चालत गेले होते.

तरीही लस दुसऱ्याकडूनच यायची होती. भारतात दुसरी लाट उसळली, निर्यात थांबली आणि भूतानचा दुसरा डोस अडला. मग देशोदेशी विनंत्या गेल्या. अमेरिकेकडून मॉडर्नाचे पाच लाख डोस मिळाले, डेन्मार्ककडून अ‍ॅस्ट्राझेनेकाचे अडीच लाख. 20 जुलैला मोहीम सुरू झाली. दुर्गम भागात हेलिकॉप्टरनं लस उतरवली, पुढे कर्मचारी पायी गेले. आठवड्याभरात सुमारे 90 टक्के पात्र प्रौढांचा दुसरा डोस झाला. हाक दिली तर मदत मिळेल अशी मैत्री जपणं, हेसुद्धा लहान देशाच्या तयारीतच मोडतं.

याची किंमतही त्यांनी मोजली. पर्यटन अडीच वर्षं बंद राहिलं, कित्येक घरांची कमाई बुडाली. त्यानंतर भूतानच्या अनेक नर्स आणि डॉक्टर चांगल्या पगारासाठी परदेशी, विशेषतः ऑस्ट्रेलियाला जाऊ लागले. मला सगळ्यात मोठी काळजी याची वाटते. यंत्रं विकत आणता येतात, लस मागून मिळते; पण कोणत्या वाडीत कुणाचं बाळ आलंय, कुणाचा डोस राहिलाय, हे ठाऊक असलेली बाई नोकरी सोडून गेली की तिच्याबरोबर गावाची अर्धी यादी जाते. पुढची साथ यायच्या आत भूतानला आणि आपल्यालाही हीच माणसं टिकवायची आहेत. त्यांना पुरेसा पगार हवा, राहायला नीट घर हवं, आणि साथ नसलेल्या वर्षीही त्यांच्या कामाची विचारपूस व्हायला हवी.