पॉइंट खर्चावेत की रोख द्यावी? नाशिकच्या मुक्कामाचा हिशेब

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ऑर्डर द्यायला किंवा द्राक्ष-कांद्याच्या खरेदीला नाशिकला नेहमी येणारे अनेक व्यापारी बंधू ठरावीक हॉटेलातच उतरतात. प्रत्येक मुक्कामाचे पॉइंट खात्यात साठतात. मग प्रश्न पडतो : या वेळी पॉइंट वापरावेत की रोख भरावी? ‘पॉइंट म्हणजे फुकट’ असे समजणारा हमखास फसतो. ते आपलेच पैसे असतात, फक्त दुसऱ्याच्या गल्ल्यात पडलेले.

हिशेब सोपा आहे. करासहित रोख रकमेला पॉइंटांच्या संख्येने भागावे. समजा, भाडे ₹७,००० व ५ टक्के जीएसटी मिळून ₹७,३५० होतात आणि तीच खोली १४,००० पॉइंटांत मिळते. म्हणजे एका पॉइंटचे साडेबावन्न पैसे झाले. गर्दीच्या दिवसांत भाडे ₹१४,००० झाले, तर १८ टक्के करासह ₹१६,५२० होतात. तेव्हा २०,००० पॉइंट मागितले, तरी एका पॉइंटला सुमारे साडेब्याऐंशी पैसे मिळतात. पॉइंट इथे मोडावेत, स्वस्ताईच्या दिवसांत रोख द्यावी. पॉइंटांवर कर वेगळा लागतो का, तेवढे आधी विचारावे.

मात्र एक मेख आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ₹७,५०० पर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे, पण हॉटेलला त्यावर इनपुट क्रेडिट नाही. त्यापुढील भाड्यावर १८ टक्के कर लागतो. मुक्काम धंद्याचा असेल, पेढीची नोंदणी महाराष्ट्रात असेल आणि बिलावर तिचा जीएसटी क्रमांक असेल, तर हा कर वळता करून घेता येतो. मग वरच्या उदाहरणात खरा खर्च ₹१४,०००च उरतो आणि पॉइंटचा भाव ७० पैशांवर येतो. परराज्यातल्या पेढीला ही सवलत मिळत नाही.

सगळ्या योजना सारख्या नसतात. त्र्यंबक रोडवरील आयबिस ज्या अ‍ॅकॉर समूहाचे आहे, तेथे २,००० पॉइंटांना ४० युरो असा बांधलेला भाव आहे; गर्दीची वाट पाहून फायदा नाही. कोर्टयार्ड हॉटेलच्या मॅरियटमध्ये २०२२ पासून पॉइंटांचा ठरलेला तक्ताच उरलेला नाही. तेथे दर खेपेला भागाकार करावा. शिवाय २४ महिने खाते हलले नाही, तर पॉइंट बुडतात.

२०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थाची पर्वस्नाने आहेत. त्या काळात खोल्या महागणारच. ज्यांना धंद्यासाठी यावेच लागेल, त्यांनी आतापासून भाव पाहावा. पण त्या आशेवर पॉइंट वर्षानुवर्षे साठवू नयेत. पडून राहिलेल्या मालाचा भाव उतरतो, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.