मूत्रपिंडांचा अखंड हिशेब



डायलिसिसवरील खर्च दरवर्षी का करावा लागतो, आणि रुग्णाला पुनःपुन्हा का यावे लागते, असे प्रश्न अनेकांच्या मनात येतात. त्यांची उत्तरे मूत्रपिंडांच्या कार्यात दडलेली आहेत. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने ते कार्य मला जमाखर्चाच्या भाषेत सुलभ वाटते. म्हणून त्याच भाषेत येथे मांडतो.

शरीराचा जमाखर्च

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, खालच्या बरगड्यांच्या आडोशाला दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकाची लांबी सुमारे १० ते १२ सेंटिमीटर आणि वजन साधारण दीडशे ग्रॅम. तरीही हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे एक पंचमांश भाग त्यांच्याकडे जातो. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. त्यांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यांपैकी दीड ते दोन लिटर लघवीवाटे बाहेर पडतो. उरलेले पाणी, साखर आणि आवश्यक क्षार पुन्हा रक्तात जमा होतात.

याखेरीज रक्तदाबाचे नियमन करणे, तांबड्या रक्तपेशींच्या निर्मितीस चालना देणारे संप्रेरक तयार करणे आणि हाडांसाठी ड जीवनसत्त्व कार्यक्षम करणे, ही कामेही मूत्रपिंडेच करतात.

यंत्राची मर्यादा

आठवड्याच्या १६८ तासांत मूत्रपिंडे क्षणभरही विसावत नाहीत. डायलिसिस सामान्यतः आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी चार तास, म्हणजे एकूण १२ तास होते. उरलेल्या १५६ तासांत पाणी, मीठ, पोटॅशियम आणि टाकाऊ द्रव्ये शरीरात साचत राहतात. यंत्र संप्रेरके निर्माण करीत नाही; त्यांसाठी औषधे व इंजेक्शने द्यावी लागतात.

येथे नातेवाइकांना एक विनंती. आपली वसई केळ्यांसाठी व सुकेळ्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि रुग्णाच्या भेटीस जाताना केळी किंवा शहाळे नेण्याची आपली रीत आहे. परंतु या दोहोंत पोटॅशियम भरपूर असते. डायलिसिसच्या रुग्णाच्या रक्तात ते वाढल्यास हृदयाचे ठोके बिघडून प्राणावर बेतू शकते. खारवलेली मासळी, पापड व लोणचे यांतील मिठामुळे तहान वाढते, प्यालेले पाणी अंगात साठते आणि श्वास लागतो. म्हणून डॉक्टरांना विचारल्यावाचून रुग्णास काहीही देऊ नये.

डायलिसिस चुकवणेही तितकेच धोक्याचे. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर जलमय झाला आणि रेल्वे वाहतूक ठप्प झाली. अशा दिवशी उपचारांसाठी मुंबईवर अवलंबून असलेल्या रुग्णाने काय करावे? डायलिसिसची सोय घराजवळ असणे ही म्हणूनच चैन नसून गरज आहे.

प्रत्यारोपण

मूत्रपिंडांची सर्व कामे पुन्हा सुरू करणारा उपाय म्हणजे प्रत्यारोपण. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ मध्ये मृत दात्याच्या मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण करण्यात आले. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूमृत्यूस मान्यता दिली. त्यामुळे मेंदूमृत व्यक्तीच्या नातेवाइकांनी संमती दिल्यास तिच्या दोन मूत्रपिंडांमुळे दोन रुग्णांना नवजीवन मिळू शकते.

तूट वेळीच ओळखावी

व्यवहारातील तूट जशी आरंभी लपून राहते, तसाच हा आजार. मूत्रपिंडांची बहुतांश क्षमता नष्ट होईपर्यंत रुग्णास फारसा त्रास जाणवत नाही. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही त्याची प्रमुख कारणे होत. हे विकार असणाऱ्यांनी वर्षातून किमान एकदा रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्यावे. वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने दीर्घकाळ घेऊ नयेत.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. गरजू कुटुंबांनी त्याबाबत अवश्य चौकशी करावी. देणगीदारांस नम्र निवेदन इतकेच की, यंत्राची देणगी एकदाच द्यावी लागते, परंतु ते चालविण्याचा खर्च आठवड्यातून तीनदा, प्रत्येक रुग्णामागे, येतच राहतो. आपला सातत्याचा हातभार या कामी मोलाचा आहे.

आपला नम्र,
प्रशासकीय अधिकारी