मातीतल्या जस्ताचा हिशोब

उसाला केवडा पडला, पानं पिवळी-पांढरी दिसू लागली, की घरात पहिला सल्ला येतो, "युरिया टाका." पण नत्र कमी असेल तर आधी खालची, जुनी पानं पिवळी पडतात. लोह कमी असेल तर शेंड्याची कोवळी पानं फिकी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तिथं युरिया ओतला तर पैसे जातात आणि केवडा तसाच राहतो. नेमकं काय कमी आहे, हे माती परीक्षणातून कळतं. म्हणून आज आम्ही तुम्हाला प्रयोगशाळेत मातीतले धातू कसे मोजतात ते सांगणार आहोत. ते समजलं, की नमुना घेताना काय जपायचं हेही कळेल.

२०१५ साली मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. या पत्रिकेवर १२ बाबी असतात. त्यात जस्त, लोह, तांबं आणि मंगल हे चार धातू सूक्ष्म अन्नद्रव्यं म्हणून येतात. पिकाला ते अगदी थोडे लागतात, पण लागतातच.

आता एक कोडं. मातीत लोह भरपूर असतं. मग शिरोळ, हातकणंगले भागातल्या चुनखडीच्या काळ्या रानात खोडवा पिवळा का पडतो? कारण तिथं लोह असतं, पण चुन्यामुळं अडकून पडतं. कणगी भरलेली, पण दाराला कुलूप, अशी गत. त्यामुळं प्रयोगशाळा मातीतलं सगळं लोह मोजत बसत नाही. पिकाच्या मुळांना मिळू शकेल तेवढंच मोजते.

त्यासाठी डीटीपीए नावाचं द्रावण वापरतात. त्याचे कण खेकड्यासारखे वागतात. नांगीत धरावं तसे धातूच्या कणाला चारी बाजूंनी पकडतात आणि पाण्यात ओढून आणतात. खताच्या दुकानात पुडीवर 'चिलेटेड' लिहिलेलं असतं ना, तो शब्दही खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आला आहे. प्रयोगशाळेत १० ग्रॅम मातीत २० मिलिलिटर द्रावण घालून दोन तास हलवतात, मग गाळून घेतात. सहज सुटणारा धातू त्या गाळलेल्या पाण्यात येतो.

पुढचं काम ज्योतीचं. चुलीत मीठ पडलं की ज्योत पिवळी होते, हे आपण रोज पाहतो. तसा प्रत्येक धातूचा आपला ठरलेला प्रकाश असतो. यंत्रात हे पाणी फवाऱ्यासारखं ज्योतीत सोडतात आणि ज्योतीतून जस्ताच्याच दिव्याचा प्रकाश पाठवतात. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला दिसतो. ज्योतीतले जस्ताचे कण आपला तेवढाच प्रकाश गिळतात. जितकं जस्त जास्त, तितका पलीकडे कमी प्रकाश पोचतो. लोहासाठी लोहाचा दिवा, तांब्यासाठी तांब्याचा. ही रीत ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ अ‍ॅलन वॉल्श यांनी १९५५ साली मांडली.

पण प्रकाश किती कमी झाला म्हणजे जस्त किती, हे कसं ठरवायचं? आपण शेर-मापट्याशी ताडून पाहतो, तसंच. किती जस्त आहे हे आधीच माहीत असलेली द्रावणं यंत्राला दाखवतात आणि आपला नमुना त्यांच्याशी ताडतात. शिवाय माती न घालता एक बाटली त्याच सगळ्या कामातून नेतात. भांड्यातून, पाण्यातून काही आलं असेल तर ते त्या बाटलीत दिसतं आणि हिशोबातून वजा होतं.

पण आपल्या घरी नमुन्यात मिसळलेलं काही असं वजा करता येत नाही. एक किलो मातीत मिळू शकणारं जस्त ०.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर कमतरता धरतात. लोहाची सीमा ४.५ मिलिग्रॅम. आपण पाठवतो अर्धा किलो माती. म्हणजे सगळा निवाडा ०.३ मिलिग्रॅम जस्तावर, मिठाच्या चार-पाच बारीक कणांच्या वजनावर! पत्र्याच्या बादलीला जस्ताचा मुलामा असतो. तिचा खरवडा मातीत गेला, तर उपाशी रानाच्या पत्रिकेवर 'पुरेसे' लिहून येऊ शकतं.

म्हणून एवढं जपा. बांध, उकिरडा, झाडाखालची आणि नुकतं खत घातलेली जागा सोडा. रानात नागमोडी फिरून दहा-पंधरा ठिकाणी खड्डे घ्या. भात, भुईमुगासाठी वीतभर खोल, उसासाठी ३० सेंटिमीटर. खड्डा कुदळीनं काढला तरी कुदळ लागलेली माती बांबूच्या कामटीनं खरवडून टाका आणि आतली माती कामटीनंच घ्या. गंजकं खुरपं नको. माती प्लास्टिकच्या घमेल्यात एकत्र करा. चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत असंच करा. सावलीत स्वच्छ कापडावर वाळवा, पत्र्यावर नको. खताच्या रिकाम्या पिशवीत भरू नका. कापडी पिशवीत गट नंबर आणि पिकाचं नाव लिहिलेली चिठ्ठी घाला.

नमुना देताना सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची आहेत, असं स्पष्ट सांगा. सातबारा कुणाच्याही नावावर असो, पत्रिका आली की गटाच्या बैठकीत आणा आणि ते चार आकडे मोठ्यानं वाचा. लोह कमी निघालं तर हिराकस, जस्त कमी निघालं तर झिंक सल्फेट. किती आणि कसं द्यायचं ते सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारून ठरवा. युरियाचं पोतं आणायचं की नाही, ते त्यानंतर बघू.