रस्त्याचे वळण

रस्त्याचे वळण : रस्त्याची दिशा बदलण्यासाठी दोन सरळ भागांमध्ये घातलेला वक्र भाग. वळणाची त्रिज्या, बाहेरील कडेचा उठाव, पृष्ठभागाचे घर्षण व पुढे दिसणारे अंतर या चार गोष्टी ज्या वेगाशी जुळवून ठरवितात, त्यास अभिकल्प वेग म्हणतात. यांपैकी एक गोष्ट जरी उणी पडली, तरी एरवी भक्कम असलेला रस्ता तेथे धोक्याचा ठरतो.

वळणावर वाहन सरळ रेषेतच पुढे जाऊ पाहते. म्हणजेच त्यावर केंद्रोत्सारी प्रेरणेचा परिणाम जाणवतो. चाकांचे आडवे घर्षण आणि बाहेरील कड उंच केल्याने मिळणारा आतील बाजूचा उतार यांच्या योगे तिला तोंड दिले जाते. वेग ताशी किमी. मध्ये व त्रिज्या मी. मध्ये घेतल्यास उठावाचे रुंदीशी असलेले प्रमाण व घर्षण गुणांक यांची बेरीज, वेगाच्या वर्गास त्रिज्येच्या १२७ पटीने भागून येणाऱ्या संख्येइतकी असावी लागते. उठाव ०·०७ व गुणांक ०·१५ धरल्यास ताशी ८० किमी. वेगासाठी किमान त्रिज्या सु. २३० मी. येते, ताशी १०० किमी. वेगासाठी ती सु. ३६० मी. होते. २३० मी. त्रिज्येच्या वळणावर एखादे वाहन ताशी १०० किमी. वेगाने गेले, तर सु. ०·२७ इतका गुणांक लागतो. पावसाने ओल्या व झिजून गुळगुळीत झालेल्या पृष्ठभागावर इतके घर्षण मिळेलच असे नाही.

उठाव हवा तितका वाढविता येत नाही. उंच भार लादलेले सावकाश जाणारे वाहन अशा ठिकाणी आतील बाजूस कलंडण्याचा संभव असतो. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. तिच्या १९८० च्या मानकांत सपाट प्रदेशात ७% व बर्फ न पडणाऱ्या डोंगराळ प्रदेशात १०% ही उठावाची कमाल मर्यादा घातलेली आहे. हा उठाव एकाएकी न देता सरळ भाग व वर्तुळाकार भाग यांमधील संक्रमण वक्रावर हळूहळू वाढवितात.

अडथळा दिसल्यापासून वाहन थांबेपर्यंत लागणाऱ्या अंतराइतका रस्ता चालकास दिसला पाहिजे. अडीच सेकंदांचा प्रतिक्रियाकाल धरून ताशी ८० किमी. वेगासाठी हे अंतर १२० मी. मानतात. त्यासाठी २३० मी. त्रिज्येच्या वळणावर आतील मार्गिकेच्या मध्यापासून सु. ८ मी. पर्यंत झाडी, भिंत वा दरडीची कड नसावी.

घाटातील तीव्र वळणांवर मागील चाके पुढील चाकांच्या मागावरून न जाता आतील बाजूने जातात. पुढील व मागील आसांत ६ मी. अंतर असलेल्या मालमोटारीस ३० मी. त्रिज्येच्या वळणावर प्रत्येक मार्गिकेत सु. ०·६ मी. जादा रुंदी लागते. तेथे रस्त्याचा चढही सौम्य ठेवतात. बोरघाटातील १८३० साली खुल्या झालेल्या रस्त्यासारखे जुने मार्ग जनावरांनी ओढलेल्या गाड्यांच्या काळातील होत. अशा जुन्या आखणीवर केवळ नवे डांबर घातल्याने वेग वाढतो, पण वळणाची त्रिज्या पूर्वीइतकीच राहते.

लांब सरळ भागानंतर अचानक येणारे तीव्र वळण सर्वांत घातक होय. कारण आधीच्या रस्त्यावरून बांधलेला चालकाचा अंदाज तेथे चुकतो. म्हणून लागोपाठच्या वळणांच्या त्रिज्यांत फार तफावत ठेवीत नाहीत. इशाऱ्याचा फलक आवश्यक असला, तरी तो सदोष आखणीची भरपाई करू शकत नाही.