तक्रार निकाली निघाली. पुढच्या मुलाचे काय?

वर्षअखेरीची तेरीज मांडताना फरक आला, तर जुन्या पेढीवरचा मुनीम तो फरक खिशातून भरून टाकीत नसे. फरक नऊ रुपयांचा असो की नऊशेचा, तो खतावणी पुन्हा पहिल्या पानापासून तपासायला घेई. फरकाला नवाने भाग गेला, की कुठेतरी चोपन्नाचे पंचेचाळीस झाले असावेत, आकड्यांची अदलाबदल झाली असावी, हा ठोकताळा आपल्या व्यापारी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. फरक किती, यापेक्षा तो कोणत्या जातीच्या चुकीतून आला, हे शोधण्याकडे मुनिमाचे लक्ष असे. कारण एकदा झालेली चूक त्याच वहीत आणखी कुठे लपलेली असण्याचा संभव असतो.

विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाबाबत आपल्या जिल्हा परिषदा आणि नगर परिषदा यांच्याकडे ज्या तक्रारी जातात, त्यांच्याकडेही याच दृष्टीने पाहावे, असे मला वाटते. आज बहुतेक ठिकाणी खिशातून नऊ रुपये भरण्याचा प्रकार चालतो. ज्याने अर्ज केला त्याचे काम होते, कागदावर ‘निकाली’ असा शेरा पडतो आणि नस्ती बंद होते.

एक उदाहरण सांगतो. नावगाव सांगण्याचे कारण नाही. माझ्या परिचयातील एका अडत व्यापाऱ्याचा मुलगा पाचवीत होता. हरभऱ्याच्या भावाचा हिशेब तोंडी करण्यात मोठ्यांना हार न जाणारा हा मुलगा वाचायला बसला की ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत अडखळे. लिहिताना अक्षरे गाळी. शाळेने दोन वर्षे ‘लक्ष देत नाही’ असा अभिप्राय दिला आणि नंतर त्याला दुसरीकडे घालण्याचा सल्ला दिला. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की नाहीतरी उद्या गादीवरच बसायचे आहे, मग आजच का बसू नये? पण मुलाच्या आईने हट्ट धरला. वडिलांनी लेखी तक्रार केली, पोच घेतली, पाठपुरावा केला. अखेरीस मुलाची तपासणी झाली, परीक्षेत जादा वेळ मिळाला, विशेष शिक्षक येऊ लागले. चांगलेच झाले. मात्र त्याच वर्गात तशाच अडचणीची आणखी दोन मुले होती. एकाचे वडील बाजार समितीत हमाल, दुसऱ्याचे बटईने शेती करणारे. त्यांनी अर्ज लिहिला नव्हता. तक्रारीची चौकशी करायला त्या वर्गात आलेल्या कोणालाही ती दोन मुले दिसली नाहीत, किंवा दिसूनही त्यांची नोंद झाली नाही.

कायदा या बाबतीत तोकडा आहे असे म्हणता येणार नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले असून स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचाही त्यांत समावेश आहे. वर सांगितलेल्या मुलाची अडचण ही दुसऱ्या प्रकारची. शासनाने मान्यता किंवा अनुदान दिलेल्या सर्व शाळांत समावेशक शिक्षण मिळेल असा प्रयत्न शासनाने आणि स्थानिक संस्थांनी करावा, असे कलम १६ सांगते. आपल्या समाजातील पुष्कळ पालक समजतात की हे सारे जिल्हा परिषदेच्या शाळांपुरते आहे. तसे नाही. खाजगी इंग्रजी शाळासुद्धा मान्यतेवरच चालते. कलम १७ नुसार दर पाच वर्षांनी शाळेतील मुलांचे सर्वेक्षण करून अशी मुले शोधायची आहेत, प्रशिक्षित शिक्षक नेमायचे आहेत, तसेच परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलती द्यायच्या आहेत. ज्यांचे दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक आहे, अशा ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ ने दिला आहे.

तक्रारीचा मार्ग मात्र बहुतेकांना ठाऊक नसतो. तो शिक्षण हक्क कायद्यात आहे. २०१० च्या १ एप्रिलपासून लागू झालेल्या या कायद्याच्या कलम ३२ अन्वये बालकाच्या हक्काबाबतची लेखी तक्रार थेट स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते. प्राधिकरणाने संबंधितांना म्हणणे मांडण्याची संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो मान्य नसेल, तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. दिव्यांगत्वाच्या अंगाने पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही दाद मागता येते. त्यांनी केलेल्या शिफारशीवर काय कार्यवाही केली हे संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कळवायचे असते आणि शिफारस स्वीकारायची नसेल, तर त्याची कारणेसुद्धा अर्जदाराला द्यायची असतात. ‘कारणे द्या’ हे दोन शब्द सरकारी दप्तरात किती वजनदार असतात, हे ज्यांनी कार्यालयात आयुष्य काढले त्यांना सांगायला नको.

प्रश्न पुढचा आहे. एका मुलाच्या तक्रारीचा निर्णय कसा करावा, हे कायद्याने सांगितले; त्या निर्णयातून दहा मुलांची सोय कशी व्हावी, हे सांगितलेले नाही. तेथे संस्थेने स्वतःची शिस्त लावून घ्यावी लागते.

या बाबतीत बँकांचा अनुभव उपयोगी पडावा. रिझर्व्ह बँकेने १९९५ साली बँकिंग लोकपाल योजना आणली, तेव्हा शाखाशाखांतून कपाळाला आठ्याच पडल्या होत्या. तक्रारवही म्हणजे काउंटरखाली ठेवायची वस्तू, असा तेव्हाचा रिवाज. हळूहळू रीत बदलली. तक्रारींची वर्गवारी करून ती संचालक मंडळाच्या ग्राहकसेवा समितीपुढे ठेवावी लागू लागली. धनादेश वटण्यास विलंब किती, पेन्शन चुकीची किती, आणि अशा तक्रारी का उद्भवतात, याचे विश्लेषण करावे लागू लागले. एकाच शाखेतून पेन्शनच्या पाच तक्रारी आल्या, की सहावा पेन्शनर येण्याची वाट न पाहता त्या शाखेतील सगळी पेन्शन खाती तपासण्यात शहाणपण असते. पुढे २०२१ साली लोकपाल योजना एकत्रित झाल्या, पण खरा फरक या वर्गवारीच्या सवयीने पडला, असे माझे मत आहे.

इंग्लंडमध्ये नेमक्या याच विषयासाठी अशी व्यवस्था आहे. तेथे विशेष गरजा असलेल्या मुलाचा शिक्षण, आरोग्य आणि देखभाल यांचा एकत्रित आराखडा स्थानिक कौन्सिलने करायचा असतो. मागणीपासून अंतिम आराखड्यापर्यंत २० आठवड्यांची मुदत आहे. ती पाळली गेली नाही, किंवा आराखड्यातील मदत मुलाला मिळाली नाही, तर पालक स्थानिक शासनाच्या लोकपालाकडे जातात. २०१९ च्या अहवालात या लोकपालाने नमूद केले होते, की या विषयातील ज्या तक्रारींची चौकशी झाली, त्यांतील दहापैकी जवळजवळ नऊ खऱ्या ठरल्या. म्हणजे तिकडेही सारे आलबेल नाही. कौन्सिलांच्या या खात्यातली तूट हा त्यांच्याकडे मोठ्या चिंतेचा विषय आहे. पण लोकपालाचा निर्णय वाचण्यासारखा असतो. कौन्सिलने पालकांची माफी मागावी, हुकलेल्या शिक्षणाच्या प्रत्येक सत्रामागे साधारण ९०० ते २,४०० पौंड द्यावेत, येथवर ती भरपाई झाली. त्यापुढे अनेकदा असेही सांगितले जाते, की याच कारणाने आणखी कोणती मुले वंचित राहिली ते कौन्सिलने शोधावे, कार्यपद्धती दुरुस्त करावी आणि तसे केल्याचा पुरावा ठरलेल्या मुदतीत सादर करावा. निर्णय जाहीरपणे प्रसिद्ध होतो, मुलाचे नाव मात्र त्यात नसते.

आपल्या अकोट तालुक्यात हे कसे करता येईल? एकीकडे चोहोट्टा बाजार, मुंडगाव, कुटासा यांसारखी मोठी गावे आणि दुसरीकडे पोपटखेडच्या पलीकडची सातपुड्याच्या पायथ्याची वस्ती, असा हा तालुका. नगर परिषदेच्या शाळा वेगळ्या, जिल्हा परिषदेच्या वेगळ्या, खाजगी शाळा आणखी वेगळ्या. विशेष शिक्षकांचे काम पंचायत समितीच्या गट साधन केंद्रातून चालते. तक्रारी मात्र वेगवेगळ्या टेबलांवर येऊन पडतात. एक शिक्षण विभागात, एक समाजकल्याण विभागात, एक नगर परिषदेच्या आवक-जावक खिडकीवर. पहिली गरज एकाच नोंदवहीची आहे. त्या वहीत ‘निकाली’ या रकान्याशेजारी ‘कारण’ असा एक रकाना असावा आणि ‘तशीच आणखी मुले’ असा दुसरा. तक्रार आली, की त्या शाळेतल्या सगळ्या वर्गांची चाळणी व्हावी. त्यासाठी साधनही हाताशी आहे. एनसीईआरटीने २०२२ मध्ये ‘प्रशस्त’ नावाची तपासणीसूची तयार केली. तिचा पहिला भाग वर्गशिक्षकानेच भरायचा आहे, दुसरा विशेष शिक्षकाने. अध्ययन अक्षमतेची चाळणी तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी व्हावी, असे केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. आमच्या परिचयातला मुलगा पाचवीपर्यंत कोणाच्याच नजरेस आला नाही, यात चूक कोणत्या टप्प्यावर झाली हे त्या ‘कारण’ रकान्यात लिहावे लागले असते.

दुसरी अडचण प्रमाणपत्राची. त्यासाठी अकोल्याला, सर्वोपचार रुग्णालयात जावे लागते. अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. २०२२ च्या ऑक्टोबरात गांधीग्रामचा पूल बंद पडला तेव्हा हे अंतर म्हणजे काय असते, ते आपण सर्वांनी अनुभवले. लोकांनी आवाज उठवला आणि पुढच्याच महिन्यात अकोट-अकोला रेल्वेगाडी सुरू झाली. पूल सर्वांचा असतो म्हणून ओरडही सर्वांची होते. बहुविकलांग मुलाला खांद्यावर घेऊन, एका दिवसाची मजुरी बुडवून तीनदा अकोल्याला जाणाऱ्या आईचा पूल रोजच बंद असतो, पण त्याची बातमी होत नाही. तपासणीची तारीख मिळत नाही अशा चार तक्रारी आल्या, तर तालुक्याच्या ठिकाणी शिबिर घेणे हे त्यांचे खरे उत्तर आहे. स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा आहे. त्यातील किती रक्कम मुलांच्या शिक्षणाकडे वळली आणि किती मार्चअखेर पडून राहिली, हे अर्थसंकल्पाच्या पुस्तकात शोधणे आपल्यासारख्या हिशेबात मुरलेल्या लोकांना अवघड नाही. समग्र शिक्षा योजनेत अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे, मुलींना दहा महिने दरमहा २०० रुपये विद्यावेतन आहे. ते वेळेवर पोहोचते का, हेही त्याच वहीवरून कळावे.

शिक्षकांची उणीव ही सगळ्यांत मोठी, आणि ती तालुक्याच्या हातात नाही. पहिली ते पाचवीसाठी दहा विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यावरील वर्गांसाठी पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितले. वर्षानुवर्षे कंत्राटी मानधनावर गावोगाव फिरणाऱ्या विशेष शिक्षकांच्या लढ्यानंतर राज्य शासनाने २०२४ साली ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला; म्हणजे साधारणपणे एका केंद्राला एक. एका केंद्रात अनेक शाळा असतात, त्यामुळे हा शिक्षक एखाद्या शाळेत आठवड्यातून एकदा पोहोचला तरी पुष्कळ. अशा स्थितीत निदान त्याच्या भेटीचे वेळापत्रक शाळेच्या भिंतीवर लावावे. तो आला नाही, तर पालकाला त्याच दिवशी समजेल आणि तक्रार वर्षानंतर न येता आठवड्यात येईल. याला एक रुपयाही लागत नाही.

अंजनगावमार्गे परतवाड्याकडे गेले, की वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांचे बालगृह आहे. बेवारस दिव्यांग मुलांना त्यांनी आपले नाव दिले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेथेच वाढलेली दृष्टिहीन माला पापळकर लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली, तेव्हा साऱ्या वऱ्हाडाला आनंद झाला. पण बाबांची एक जुनी तक्रार आहे. वयाची १८ वर्षे पूर्ण झाली की मुलाने बालगृह सोडावे, असा नियम आहे. बेवारस दिव्यांग मुलाने जायचे कुठे? त्यांनी स्वतःच्या मुलांना सोडले नाही, सांभाळले. मात्र त्यांची मागणी साऱ्या बेवारस दिव्यांग मुलांसाठी कायदा बदलण्याची आहे. एका संस्थेची अडचण सगळ्यांच्या नियमात कशी बदलावी, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला आपल्या भागात दिसत नाही.

आता थोडे आपल्या घरांविषयी. मुलाच्या शिक्षणातली अडचण बाहेर कळली तर उद्या त्याच्या बहिणीच्या सोयरिकीत ती आडवी येईल, ही भीती आपल्याकडे अजून आहे. तक्रार न होण्याचे ते एक मोठे कारण आहे, आणि तक्रार झाली नाही की कार्यालय म्हणते, या शाळेत असे मूलच नाही. पैशाने खाजगी शिकवणी लावता येते, मुलगा निभावून जातो. पण त्याच वर्गातल्या हमालाच्या मुलाचा दाखला आपल्या मौनामुळे तयार होत नाही. अर्ज करायचा असेल तर तो एका पानाचा करावा. मुलाचे नाव, इयत्ता, कोणती सोय मागितली, कोणत्या तारखेला मागितली, काय उत्तर मिळाले, कोणत्या कलमाखाली काय अपेक्षित आहे, इतकेच त्यात असावे. शेवटी एक वाक्य जोडावे : ‘याच शाळेतील अशा अन्य विद्यार्थ्यांचीही तपासणी करून त्याचा अहवाल मला कळवावा.’ पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

आणि दानाबद्दल. आपला समाज व्हीलचेअर, श्रवणयंत्रे, शालेय साहित्य सढळ हाताने देतो; छायाचित्रांसह त्याचे वृत्त याच अंकांतून आपण वाचतो. पुढच्या वितरणाच्या वेळी गट शिक्षणाधिकारी व्यासपीठावर असतीलच. श्रवणयंत्राचा सेल संपला, खुर्चीचा टायर फाटला, तर मुलाने तालुक्यात कोणाकडे जायचे, आणि गेल्या वर्षी दिलेल्यांपैकी किती खुर्च्या आज चालू आहेत, हे दात्याने त्यांना तेथेच विचारावे.