पंच्याऐंशी टक्के 1911

1911 पिस्तुलाच्या दोन सेफ्टींवर आज लिहायचं ठरलं होतं. तो लेख एक आठवडा पुढे ढकलतो, कारण मागच्या लेखानंतर कोल्हापूरहून एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न सोडवत नाही. त्या विचारतात, ब्राउनिंगचं हे पिस्तूल लहान करून टू-टूमध्ये, म्हणजे .22 मध्ये, आणलं, तर त्यावर शिकलेल्या हाताला मूळ पिस्तूल ओळखीचं वाटेल का?

त्या म्हणतात ते पिस्तूल म्हणजे ब्राउनिंग 1911-22. अमेरिकी लष्कराने मूळ .45 पिस्तूल 29 मार्च 1911 रोजी स्वीकारलं. त्याच्या शताब्दीला, 2011 मध्ये, ही धाकटी आवृत्ती बाजारात आली. आकार मुळाच्या 85 टक्के, काडतूस .22 लाँग रायफल.

85 टक्के ऐकायला किरकोळ घट वाटते. पण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही तेवढ्या कमी केल्या की घनफळ 61 टक्क्यांवर येतं. मूळ पोलादी पिस्तूल रिकामं सुमारे 1100 ग्रॅमचं. त्या हिशेबाने धाकटं पावणेसातशेच्या आसपास भरायला हवं. प्रत्यक्षात ते साडेचारशेच्याही आत आहे, कारण फ्रेम आणि स्लाइड दोन्ही ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची आहेत. आकार लहान आणि वजन त्याहून कमी, हे या पिस्तुलाबद्दल सगळ्यात आधी लक्षात ठेवावं.

यंत्रणाही आतून वेगळी आहे. मूळ .45 मध्ये बार उडाल्यावर नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकूनच थोडं मागे येतात. मग खालची कडी नळीचं मागचं टोक खाली ओढते आणि स्लाइड सुटते. .22 ला एवढा खटाटोप लागत नाही. तिथे नळी जागची हलत नाही, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग पुरतात. .45 ची गोळी सुमारे 15 ग्रॅमची, .22 ची अडीच ग्रॅमच्या किंचित वर. धक्का साधारण पाचव्या हिश्श्यावर येतो.

हाच धक्का माझ्या जिव्हाळ्याचा विषय. कोल्ट कंपनीने 1931 मध्ये ‘एस’ नावाचं .22 पिस्तूल काढलं, तेव्हा मार्ग नेमका उलटा घेतला होता. आकार मुळाइतकाच ठेवला, फक्त काडतूस बदललं. अडचण अशी की इवल्याशा काडतुसाला एवढी मोठी स्लाइड भरवशाने मागे ढकलता येत नव्हती. उत्तर मिळालं डेव्हिड मार्शल विल्यम्सकडून. हा माणूस पूर्वी नॉर्थ कॅरोलिनाच्या तुरुंगात खुनाची शिक्षा भोगत असताना तिथल्या कारखान्यात बंदुकांच्या रचना करत होता. त्याने काडतुसाची खोलीच सुटी केली. बार उडाला की वायूचा दाब त्या सुट्या खोलीवरही पडतो, ती स्लाइडला मागे हाणते आणि हाताला .22 चा धक्का .45 च्या जवळ जाणारा लागतो. ही युक्ती वापरून कोल्टने पुढे ‘सर्व्हिस मॉडेल एस’ काढलं. खोलीभोवती काजळी आणि शिसं साचत असल्याने त्याला साफसफाई फार लागते. तरी ही कल्पना मला पिस्तुलांच्या इतिहासातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते. विल्यम्सच्या आयुष्यावर 1952 मध्ये चित्रपटही आला. जेम्स स्ट्युअर्टने त्याची भूमिका केली.

विल्यम्सने धक्का वाढवून सरावाचं पिस्तूल मुळाजवळ नेलं. 1911-22 मध्ये आकारही घटला आणि धक्काही. अमेरिकेतल्या एका रेंजवर मी मूळ पिस्तूल आणि हे, दोन्ही आलटून पालटून चालवली आहेत. मुठीचा कोन, अंगठ्याखालची सेफ्टी, घोडा चढवण्याची सवय, हे सगळं तंतोतंत जमतं. चाप बोटाच्या जवळ येतो, त्यामुळे लहान पंजाला पहिल्यांदाच 1911 नीट धरता येतं. पण माशी मागच्या खाचेच्या जवळ आल्याने नेमातली बारीक चूक लक्ष्यावर मोठी होऊन दिसते, आणि हलकं पिस्तूल हातात स्थिर राहत नाही.

याचा पुरावा कोल्हापूरच्याच नेमबाज राही सरनोबत यांच्या खेळात आहे. 2018 च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी 25 मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक मिळवलं, तेही .22 वरच. त्या प्रकारात पिस्तुलाला 1400 ग्रॅमपर्यंत मुभा असते, आणि वरच्या दर्जाचे नेमबाज किलोभराच्या आसपासचं पिस्तूल वापरतात. काडतूस हलकं झालं म्हणून तिथे कोणी पिस्तूल हलकं करत नाही.

मॅगझिनबद्दल एक सूचना. .22 च्या काडतुसाचा बुडाचा काठ बाहेर आलेला असतो. भरताना वरच्याचा काठ खालच्याच्या मागे अडकला तर पिस्तूल अडतं, म्हणून प्रत्येक काडतूस आधीच्याच्या काठापुढे बसवत भरावं. .45 ला हा प्रश्न नाही.

तेव्हा बाईंना माझं उत्तर असं. लहान हाताच्या नवशिक्याला 1911ची मांडणी शिकवायला हे पिस्तूल उत्तम आहे आणि ते चालवण्यात निखळ आनंद आहे. पण उद्या .45 चालवायचंच असेल, तर सराव पूर्ण आकाराच्या, पूर्ण वजनाच्या .22 वरच करावा. दोन्ही सेफ्टी पुढच्या आठवड्यात घेऊ.