काजूगराचा ताळेबंद

वेंगुर्ल्यापासून चंदगड-आजऱ्यापर्यंतच्या बहुतेक काजू कारखानदारांना उतारा, म्हणजे किती बीतून किती गर निघतो ते, तोंडपाठ असतो. त्यांच्या सीएला विचारलं तर तो फाइल चाळू लागतो. रिटर्न वेळेवर जातात, दंड बसत नाही, सगळं आलबेल. धंदा मात्र कमावतोय की बुडतोय, हे हंगाम सरल्यावर कॅश क्रेडिटच्या आकड्यावरून कळतं. अन्नप्रक्रियेतली खास प्रॅक्टिस उभी करायला जागा आहे ती नेमकी इथं.

समजा, शेतकऱ्याकडून १,००० किलो काजू बी १५० रुपयांनी घेतली. ऊन दिल्यावर ओल जाऊन ९२० किलो भरली. नवखा अकाउंटंट ९२० किलोला तोच १५०चा भाव लावतो आणि ८० किलोची तूट म्हणून १२,००० रुपये नुकसानीत टाकतो. पण ही तूट धंद्यातली नेहमीचीच. तिचा भार उरलेल्या मालावरच पडतो आणि बी किलोला १६३ रुपयांना पडते. याच तुटीपोटी घाबरून जीएसटीचं क्रेडिट परत करणारेही भेटतात. आगीत जळालेल्या किंवा कुजून फेकलेल्या मालाचं क्रेडिट सोडावं लागतं; उन्हात उडालेल्या पाण्याचं नाही.

खरेदीतली दुसरी मेख म्हणजे रिव्हर्स चार्ज. शेतकऱ्याकडून घेतलेल्या न सोललेल्या काजूवरचा ५ टक्के जीएसटी नोंदणीकृत खरेदीदारानंच भरायचा, तोही कॅश लेजरमधून. नंतर क्रेडिट मिळतं हे खरं. पण वर्षभराची बी मार्च ते मे या काळात भरून ठेवायची असते आणि नेमका तेव्हाच हा पैसा अडकतो. बँकेसाठीच्या प्रोजेक्ट रिपोर्टात त्याची तरतूद नसेल, तर पहिल्याच हंगामात ओढाताण ठरलेली.

खरा खेळ मात्र ग्रेडिंगच्या टेबलावर. वाफवून, फोडून, ड्रायरमध्ये सुकवून, साल काढलेला गर तिथं निवडला जातो. डब्ल्यू २४० म्हणजे एका पौंडात २२० ते २४० अख्खे गर, डब्ल्यू ३२० म्हणजे ३०० ते ३२०. त्याखाली पाकळी, मग तुकडा. एकाच बीतून, एकाच मजुरीत निघालेला हा माल. भाव मात्र प्रत्येकाचा वेगळा. सगळ्याला एकच सरासरी किंमत लावली, तर तुकडा तोट्यात दिसतो आणि अख्खा गर फुगीर नफ्यात. म्हणून खर्च विक्रीमूल्याच्या प्रमाणात वाटायचा आणि टरफलं विकून आलेले पैसे त्याआधी एकूण खर्चातून वजा करायचे.

आता गणित करू. टनामागे २५० किलो गर निघतो, अख्खा ८०० रुपयांना आणि तुकडा ६०० रुपयांना जातो असं धरा. अख्ख्याचं प्रमाण ७० टक्क्यांवरून ६० वर आलं, की २५ किलो माल ८०० वरून ६०० वर घसरतो. टनामागे ५,००० रुपये गेले. १०० टनांमागे पाच लाख. एकूण उतारा तेवढाच राहिल्यानं स्टॉक रजिस्टरला यातलं काही दिसत नाही. बी नीट वाफवली नाही, कटिंगची पाती बोथट झाली, की काय होतं हे टेबलावरच्या बाईला सकाळीच कळतं. सीएनं अख्ख्या गराच्या प्रमाणाचा आकडा दर आठवड्याला मागवायला सुरुवात केली, तर त्याच्या फीबद्दल मालक घासाघीस करणार नाही.

टॅक्स ऑडिटच्या अहवालातही उत्पादकाला कच्च्या मालाचा वापर, उताऱ्याची टक्केवारी आणि तूट दाखवावी लागते. अनेक जण तिथं गेल्या वर्षीचाच आकडा थोडा हलवून भरतात. अधिकाऱ्यानं शेजारच्या कारखान्याशी तुलना केली, की मग धावपळ.

अशी प्रॅक्टिस जाहिरातीनं वाढत नाही. दारोदार गिऱ्हाईक मागणं सीएंच्या १९४९च्या कायद्यानुसार गैरवर्तनच ठरतं. काजूवाला काजूवाल्याला सांगतो, त्याच्याकडून आंब्याच्या पल्पवाल्याला कळतं. तिथं कोय आणि सालीचा हिशेब नव्यानं शिकायचा.

३१ मार्च येतो तेव्हा कारखान्यात जुना गर आणि नवी बी दोन्ही असतात. तरुण सीएंनो, त्या दिवशी स्टॉकची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवू नका. गोदामात जा, काटा लावा आणि नव्या बीची ओल मोजून घ्या.